मदत हवी आहे: खोल समुद्रातला गाळ साचलाच नाही, की साचून वाहून गेला?

नमस्कार मंडळी. इथे भूरसायनशास्त्रातलं कुणी असेल तर सल्ला हवा आहे. मध्य हिंद महासागर खोऱ्यातल्या एका कोरवर (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यावर) माझं काम चालू आहे. पाणी ५,००० मीटरहून खोल, कोर साडेचार मीटर, सगळी लाल चिकणमाती. बहुधातू गुठळ्यांसाठी भारताला मिळालेलं क्षेत्र याच खोऱ्यात आहे.

इतक्या खोलवर चुन्याची कवचं विरघळून जातात, त्यामुळे वय काढायला फोरॅमिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म एकपेशीय जीव) नाहीत. उरतात माशांचे दात. माती चाळणीवर धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशाने एकेक दात उचलायचा. एरवी ते मधाच्या रंगाचे, आरपार दिसणारे असतात. पण ३१० सेंटिमीटरवर सात सेंटिमीटर जाडीचा काळपट थर आहे. तिथले दात मँगनीजने माखलेले आहेत आणि संख्येने कितीतरी जास्त.

दातांमधल्या स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ चं गुणोत्तर मोजलं. थराच्या खाली ०.७०८७८, वर ०.७०८९९. स्ट्रॉन्शियम समुद्रात लाखो वर्षं टिकतं आणि महासागर हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघतो, म्हणून एका काळी हा आकडा सगळीकडे सारखाच असतो. गेली सुमारे ४ कोटी वर्षं तो चढतोय, आज ०.७०९१७ आहे. त्या हिशेबाने थराखालचा गाळ दीड कोटी वर्षांचा, वरचा ६० लाखांचा. मधली ९० लाख वर्षं सात सेंटिमीटरमध्ये!

आमचे सर म्हणतात, अंटार्क्टिकावर बर्फ वाढल्यावर तळाचे थंड प्रवाह जोरात आले आणि त्यांनी गाळ खरवडून नेला. मला वाटतं, तिथे गाळ पडलाच नसावा. म्हणून कोबाल्टचा हिशेब केला. समुद्राच्या पाण्यातून कोबाल्ट तळावर जवळजवळ ठरावीक वेगाने बसतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. कृष्णस्वामी यांनी १९७६ मध्ये हे मांडलं होतं. गाळ पडलाच नसेल, तर थरात ९० लाख वर्षांचं कोबाल्ट हवं. पण मातीसोबत आलेला वाटा वजा केला, तर ते जेमतेम १० लाख वर्षांचं भरतं. म्हणजे सरांचंच बरोबर? मला ते पटत नाही, पण माझ्या वाटण्याला पुरावा नाही. वरचा गाळ साचण्याचा दर मात्र ठीक वाटतो: १५ सेंटिमीटरवर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडली आहे, ७४ हजार वर्षांपूर्वीची.

तळगाळ: कोबाल्टवरून सरांच्या बाजूने निकाल देऊ नका. गाळ पडायचा थांबला की तळावर गुठळ्या वाढतात आणि पाण्यातलं कोबाल्ट त्या ओढून घेतात. तुमच्या बारीकशा नळीत गुठळी आली नाही, तर ते कोबाल्ट हिशेबात येणारच नाही.

टोबाचा दर मात्र पुन्हा मांडा. ७४ हजार वर्षांत १५ सेंटिमीटर, म्हणजे हजार वर्षांत दोन मिलिमीटर. या दराने ३१० सेंटिमीटरला १५ लाख वर्षं पुरतात आणि तुमचे दात सांगतात ६० लाख. म्हणजे एकतर पूर्वी गाळ फारच हळू पडत होता, किंवा वरच्या तीन मीटरमध्ये आणखी एक हायेटस, म्हणजे गाळाच्या नोंदीतला खंड, आहे. दात गाडले गेल्यावरही छिद्रांतल्या पाण्याशी स्ट्रॉन्शियमची देवाणघेवाण करतात. हे पाणी आजच्या समुद्रासारखं असेल तर वय खऱ्यापेक्षा कमीच दिसणार. मग गोंधळ कमी होत नाही, वाढतो. बेरिलियम-१० करून घ्या; हे किरणोत्सारी असतं, गाळात ते किती घटलंय त्यावरून वय निघतं. अर्धायुष्य १४ लाख वर्षं आहे, तेवढ्या काळाला चांगलं चालतं.

विदुला_स: मी हीलियम-३ वर काम केलंय, म्हणून लिहिते. अवकाशातून येणारी बारीक धूळ हे हीलियम घेऊन येते. दात जड, धूळ हलकी. प्रवाहाने थर पाखडला असेल, तर दात भरपूर आणि हीलियम कमी. गाळ पडलाच नसेल, तर दोन्ही भरपूर. सगळंच घसरून गेलं असेल, तर दोन्ही नावापुरतं. दात तर तुमच्याकडे भरपूर आहेत, म्हणजे तिसरी शक्यता बाद झाली.

आणखी एक, मला फार मोलाचं वाटतं असं. ८२ लाख वर्षांपूर्वी एक लघुग्रह फुटला आणि पृथ्वीवर येणारं हीलियम-३ सुमारे चौपट झालं. ही घटना तुमच्या हरवलेल्या काळातली आहे! त्या थराचे अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून मोजा. मध्येच उंचवटा दिसला, तर त्या काळातली धूळ जागेवरच आहे. काळ्या थरातले दातसुद्धा एकत्र दळू नका, एकेक मोजा. हरवलेल्या काळातले दात तिथे असतील, तर ०.७०८७८ ते ०.७०८९९ यांच्या मधले आकडे मिळाले पाहिजेत.

मूळ लेखिका: दोघांचे मनापासून आभार. टोबाचा गुणाकार मी केलाच नव्हता, आज रात्रीच वही उघडते. अडचण एकच आहे: त्या थराची माती आता अर्धीच उरली आहे. हीलियमला द्यायची की बेरिलियमला?

तळगाळ: थराची माती हीलियमसाठीच ठेवा, बेरिलियमला हात लावू देऊ नका. बेरिलियम थराच्या वरच्या तीन मीटरसाठी हवंय, तिथे माती मुबलक असेल. १५ सेंटिमीटरच्या खालून सुरुवात करा, दर ३० सेंटिमीटरला एक सॅम्पल. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात बेरिलियम-१० मोजतात, सरांच्या सहीने अर्ज पाठवा.