भाडेकरू सोडून जातायत, डिपॉझिटमधून काय काय कापता तुम्ही?

मांडवीकर:
रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला आमचा टू बीएचके आहे. भाडेकरू तीन वर्षं राहिले, भाडं कधी थकवलं नाही. महिनाअखेर जातायत. डिपॉझिट ४० हजार. काल जाऊन बघून आले. समुद्राकडच्या भिंतीला पोपडे, बाल्कनीचं ग्रिल गंजलंय, बाथरूमचं दार खालून फुगलंय. हॉलच्या एका भिंतीवर मुलीची स्केचपेनची चित्रं, ओट्याच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडालाय, एक मच्छरजाळी फाटलीय. ह्यांचं म्हणणं, सगळ्या घराच्या रंगाचे २५ हजार कापून घे. मला ते पटत नाहीये.

चिरेबंदी:
ग्रिल विसरा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजणारच, तुम्ही स्वतः राहिला असतात तरी. पोपड्यांवरून बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर पाणी बाहेरून मुरतंय, ते काम मालकाचं. कपाटामागे काळी बुरशी असेल तर मात्र विचारा, पावसाळाभर खिडक्या बंद ठेवल्या होत्या का. आणि बाथरूमला लाकडी दार बसवलं कोणी? फायबरचं लावा आता.

हिशेबी:
रंगाचं वय धरा. आपल्याकडे रंग चार वर्षं टिकला तरी खूप झालं. त्यातली तीन गेली, म्हणजे खराब झालेल्या भिंतीचाही चौथा हिस्साच निघतो. तोही फक्त चित्रांच्या भिंतीचा. करारात 'सोडताना रंगाचे अमुक कापू' असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. करार नोंदवलाय ना? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ वाचा. नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध करेपर्यंत.

खाडीपलीकडे:
एवढंही साधुसंत होऊ नका! आमचे मागचे लोक लाईटबिल ठेवून पसार झाले आणि मीटर माझ्या नावावर. चाव्या घ्याल त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, शेवटच्या बिलापुरते पैसे हातात ठेवा, बाकीचे लगेच द्या. सोसायटीची थकबाकीही बघा, करारात त्यांच्याकडे असेल तर.

वाशिष्ठीकाठ:
मी चिपळूणला भाड्यानेच राहतो, म्हणून दुसरी बाजू. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाच्या मालकांनी भिंतीचा एक रुपया मागितला नाही. त्यानंतरच्या घरमालकांनी 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून मोठी रक्कम कापली, पावती शेवटपर्यंत नाही. राग पैशांचा नव्हता, लपवाछपवीचा होता. दोघांनी मिळून घर फिरून बघा आणि काय कापणार ते तिथेच सांगा.

मांडवीकर:
करार नोंदवलेला आहे, रंगाची अट नाही. मग जाळी पूर्ण, चित्रांच्या भिंतीचा चौथा हिस्सा आणि ओटा. ओट्याचे किती धरू? फरशीवाला म्हणतो अख्खा दगड बदला.

चिरेबंदी:
बदलू नका! कोपरा घासून गोल करून पॉलिश मारेल असा दुसरा माणूस बघा. त्याचं बिल लावा, दगडाचं नाही.

मांडवीकर:
बरं. रविवारी त्यांना घरी बोलावलंय. ह्यांना आधी पटवायचंय.