पंचगंगेवर मालवाहू बंदर : व्हावं की नको?

बावडेकर : परवा कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचं काम चाललं होतं, ते बघत उभा होतो. सोबतचा मित्र म्हणाला, "गंगेवर वाराणसीला २०१८ साली मालवाहू टर्मिनल झालं, मग आपल्या नदीवर बंदर का नको?" माझं स्पष्ट मत, नको. नदी वाहते पूर्वेला. नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळून पुढं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं जाते. आपली साखर आणि फौंड्रीतले ओतीव भाग (कास्टिंग) निघतात मुंबईला, नाहीतर कोकणातल्या बंदरांकडं. माल पाठीमागं आणि पाणी पुढं, असं बंदर कुणासाठी? त्यात खाली रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आडवे.

फौंड्रीवाला : दादा, बंधाऱ्याला बगल देऊन लॉक बांधता येतो. दोन दारांची पेटी, आत पाणी चढवायचं-उतरवायचं, बोट पुढं. गंगेवरची एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, दीड हजार टन उचलते, म्हणजे २५ टनांचे ६० ट्रक. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा माझा तयार माल कारखान्यातच अडकला. पार्टी रोज फोन करायची, मी काय सांगणार? एकाच रस्त्यावर सगळा धंदा टांगून ठेवायचा का?

शिरोळची लेक : हायवे बुडाला त्या दिवसांत तुमची बार्ज कुठं चालली असती? त्याच पुरात आम्ही आईला गुळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं. पाण्याला इतकी ओढ होती की चौघं धरून होते तरी काहील फिरत होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. उन्हाळ्यात नदी तळाला. एवढ्या चढ-उतारात धक्का बांधायचा कुठल्या उंचीवर? आणि गोदामं, रस्ते यांसाठी पूररेषेत भराव टाकलात की तुंबलेलं पाणी आमच्याच शिवारात येणार.

फौंड्रीवाला : ताई, तुमचं दुःख खरं आहे. भराव मलाही नको. धक्का तरंगता ठेवायचा, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. रस्ता खांबांवर, गोदामं पूररेषेबाहेर. पुरात काम बंद, बाकीचे आठ महिने चालू.

बावडेकर : त्या आठ महिन्यांतच तर गोम आहे! दीड हजार टनांच्या बार्जला निदान दोन मीटर पाणी लागतं, तेही सलग. बरगे घालून अडवलेलं पाणी उसाचं आणि पिण्याचं. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की मोटारी बंद पडतात, डोळ्यांदेखत ऊस वाळतो. त्यात लॉकचं दार उघडलं की दर फेरीला पेटीभर पाणी खाली जाणार. शेतकरी ऐकून घेईल का? तेवढा पैसा कोकणात उतरणाऱ्या नियोजित कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेला लावा. ती माल जायचा त्याच दिशेला जाणार.

फौंड्रीवाला : पाण्याचा हिशेब पटला. पण वैभववाडीचं नाव ऐकत मी म्हातारा व्हायला लागलो, दादा. रेल्वे येईपर्यंत घाटातनं ट्रकच का?

शिरोळची लेक : मग रेल्वेसाठी मोर्चा काढा, शिरोळ तालुका सोबत येईल. नदीत मात्र खांबसुद्धा नको.