मदत हवी आहे: कोकणातल्या पावसात कॉफी ताजी राहील असा डबा कोणता?

सुपारीबाग

नमस्कार मंडळी,

कॉफी साठवायच्या डब्याबद्दल सल्ला हवा आहे. बाजारात इतके प्रकार आहेत आणि किमतीत इतका फरक आहे की नेमके कशाचे पैसे मोजायचे तेच कळेनासं झालंय.

आमचं घर रत्नागिरीत, खाडीच्या जवळ. जूनपासून मीठ पाझरायला लागतं, पापड दोन दिवसांत मऊ पडतात, मग कॉफीचं काय होत असेल ते सांगायला नको. घरात कॉफी दोन तऱ्हेची. बाबा पक्के फिल्टर कॉफीवाले. नोकरीची बरीच वर्षं माटुंग्याजवळ काढली, त्यामुळे चव तिथली. मुंबईहून कोणी येणार असलं की माटुंग्याहून ८०:२० (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची पूड) दळून मागवतात, एकदम अर्धा किलो. मी स्वतः चिकमगळूरहून कुरिअरने अख्ख्या बिया मागवते, पाव किलोचं पाकीट, आणि लागतील तेवढ्या हातदळणीवर दळते.

बाबांची पावडर साध्या स्टीलच्या डब्यात असते. पाकीट फोडल्यावर घरभर वास सुटतो, आठवड्याभरात तो मंदावतो, आणि जुलै उजाडला की डब्याच्या तळाशी पावडरीचा थर बसतो. चमच्याच्या टोकाने खरवडला तर काळपट, किंचित चिकट ढेकळं निघतात. ती फिल्टरमध्ये घातली की डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) खाली उतरतच नाही, वर पाणी तुंबून राहतं. बाबा काही बोलत नाहीत, पण कप अर्धा टाकून उठतात. मला ते बघवत नाही.

डोळ्यासमोर असलेले पर्याय: क्लिप आणि सिलिकॉन रिंगचा स्टीलचा डबा, तारेच्या क्लिपची, रबर लावलेली काचेची बरणी, एअरस्केपसारखा, आत दुसरं झाकण दाबून बसवायचा डबा, हवा खेचून घेणारा व्हॅक्युमचा डबा. आईचं म्हणणं, माळ्यावरची चिनी मातीची बरणी काढ. शेजारच्या काकू म्हणतात, सरळ फ्रिजमध्ये टाक.

बजेटची अडचण नाही, पण उगाच खर्चही करायचा नाही. ज्यांनी हे वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

घाटवाट

सुपारीबाग, प्रश्न नीट मांडलात म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या घरात कॉफी दोन आहेत आणि त्यांचे आजारही दोन वेगळे आहेत. एकच डबा दोघांना लागू पडणार नाही.

आधी बिया. कॉफी भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भाजल्यावर पहिले काही दिवस तो जोरात बाहेर पडतो, पुढे काही आठवडे हळूहळू. चांगल्या पाकिटावर छोटं गोल छिद्र दिसतं ना, ती एकमार्गी झडप असते. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. ताज्या बियांना हा वायूच थोडंफार संरक्षण देतो. तो ओसरला की हवेतला ऑक्सिजन कामाला लागतो. वास धरून ठेवणारी द्रव्यं उडून जातात, तेल खवट होतं. जास्त भाजलेल्या बियांवर तेल वरच सुटलेलं असतं, म्हणून त्या आधी खराब होतात. उष्णता आणि उजेड यांनी हे सगळं अजून लवकर होतं.

आता पावडर. बी दळली की हवेला उघडा पडणारा भाग कित्येक पटींनी वाढतो. अडकलेला वायू बराचसा काही मिनिटांतच निघून जातो. दळलेली कॉफी दुकानातून घरी येईपर्यंतच निम्मी लढाई हरलेली असते. त्यात चिकोरी. ती ओलावा फार पटकन ओढते. तुमच्या डब्यातली ढेकळं मुख्यतः चिकोरीची करामत आहे, आणि चिकोरीने ओढलेलं पाणी शेजारच्या कॉफीलाही लागतं.

म्हणून बियांसाठी हवेचा विचार करा, बाबांच्या पावडरीसाठी ओलाव्याचा. कोकणात दुसरा प्रश्न जास्त तातडीचा.

कर्दळीचं पान

आईच्या बरणीबद्दल. माझ्या सासरी सगळं चिनी मातीतच असायचं, तेव्हा मला त्या बरण्यांची माया आहे. तरी कॉफीसाठी नाही म्हणेन. बरणीत दोष नाही. आतून झिलई असते, वास धरत नाही, उजेड आत जात नाही. गडबड झाकणात आहे. ते नुसतं वर टेकलेलं असतं. लोणच्याला वरून दादरा बांधला तरी भागतं, कारण आत मीठ आहे आणि वर तेलाचा तवंग आहे. हवा फोडीपर्यंत पोचतच नाही. कॉफीला असं राखणारं आत काहीच नाही.

साध्या स्टीलच्या डब्याचंही तेच. झाकण घट्ट बसलंय असं हाताला वाटतं, पण धातूवर धातू बसला की फट राहतेच.

मोहर_आणि_मीठ

मी ठाण्यात राहते, कॉफी वर्षानुवर्षं फ्रिजमध्ये ठेवते. काही होत नाही. उगाच महागडे डबे कशाला?

घाटवाट

तुमचा डबा खरंच हवाबंद असेल आणि तुम्ही कॉफी लवकर संपवत असाल तर फारसं बिघडत नसेल. पण फ्रिजमध्ये दोन अडचणी. एक, कॉफी आजूबाजूचा वास घेते. कापलेला कांदा, सुकटीचा डबा, काहीही. दुसरी जास्त महत्त्वाची. थंड डबा बाहेर काढून लगेच उघडला की दमट हवा आतल्या थंड पावडरीला लागते आणि तिथेच पाणी धरते. ठाण्यात पावसाळ्यात हे होतं, रत्नागिरीत तर होणारच. रोज दोनदा काढायचा-ठेवायचा डबा फ्रिजमध्ये नको.

फ्रीझरची गोष्ट वेगळी. तिथे कॉफी खूप काळ चांगली राहते, पण शिस्त लागते. छोट्या पुड्या करायच्या, आठवड्याला पुरेल एवढ्याच. प्रत्येक पुडी हवा काढून पक्की बंद. लागेल ती रात्री बाहेर काढून ठेवायची आणि घरातल्या हवेइतकी कोमट झाल्याशिवाय फोडायची नाही. एकदा बाहेर आलेली पुडी परत आत टाकायची नाही.

मोहर_आणि_मीठ

हे पटलं. माझ्याकडे छोटा डबाच आहे आणि आठवड्यात संपतो, म्हणून जाणवलं नसेल.

सुपारीबाग

घाटवाट, कर्दळीचं पान, मनापासून आभार. आईला दादऱ्याचा मुद्दा वाचून दाखवला, तिला लगेच पटला.

दोन शंका. व्हॅक्युमच्या डब्याचा खरंच उपयोग होतो का? आणि बाबांनी विचारलंय, मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी तर मुद्दाम पावसाळी हवेत ठेवतात, मग आपल्याच कॉफीला ओलाव्याचं एवढं वावडं का?

सह्याद्रीतला_पाऊस

बाबांची शंका छान आहे, आणि मी मंगळुरात काही वर्षं काढली आहेत, म्हणून मी उत्तर देतो.

मॉन्सून्ड मलबारमध्ये वारा लागतो तो कच्च्या, हिरव्या बीला. किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत बिया पसरून पावसाळाभर दमट वारा खाऊ देतात, अधूनमधून उलथतात. त्या फुगतात, फिकट पिवळसर होतात, आंबटपणा जातो. जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून युरोपात जाताना कित्येक महिन्यांच्या प्रवासात बियांचं आपोआप असं व्हायचं. वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव आठवायला लागली. म्हणून ती किनाऱ्यावर मुद्दाम घडवायला सुरुवात झाली.

पण ते सगळं भाजण्याआधी. कच्च्या बीत दहा-बारा टक्के पाणी असतंच. भाजल्यावर ते पाच टक्क्यांच्याही खाली येतं, बी ठिसूळ आणि कोरडी होते, आणि तेव्हापासून ओलावा तिचा शत्रू.

घाटवाट

व्हॅक्युमबद्दल. हे डबे सगळी हवा काढत नाहीत, बरीचशी काढतात. उपयोग होतो, पण दर वेळी उघडल्यावर परत हवा खेचावी लागते आणि घाईच्या सकाळी ते राहून जातं. शिवाय ताज्या बिया भरल्यात तर दुसऱ्या दिवशी झाकण सैल झालेलं दिसेल. डबा बिघडला असं समजू नका. बियांतून निघालेल्या वायूने आतली पोकळी भरून काढलेली असते.

आतल्या झाकणाचा डबा मला रोजच्या वापराला जास्त आवडतो. कॉफी जशी कमी होते तसं आतलं झाकण खाली सरकतं, त्यामुळे वर मोकळी हवा साठत नाही. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा, मग तो कितीही महाग असो. फक्त बारीक पावडर आतल्या रिंगेत जाऊन बसते, ती पुसत राहावी लागते. बियांना ही कटकट नाही.

पण एक सांगू? बियांसाठी तुम्ही कदाचित काहीच विकत घेऊ नये. भाजणाऱ्याकडून आलेलं झडपेचं पाकीट हे आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेलं, कॉफीसाठीच बनवलेलं भांडं आहे. हवा दाबून काढा, तोंड घट्ट गुंडाळून क्लिप लावा आणि ते पाकीटच्या पाकीट क्लिपच्या डब्यात ठेवा. भाजल्याची तारीख बघून महिन्याभरात संपवा.

कर्दळीचं पान

माझा अनुभव बाबांच्या पावडरीपुरता. माझे दीर पालघरला असतात, तेही ८०:२० वालेच. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या आणि फरक पडला.

एक, दुकानदाराला सांगायचं, अर्धा किलो एका पिशवीत नको, शंभर-शंभर ग्रॅमची पाच पाकिटं सील करून द्या. बहुतेक दुकानदार आनंदाने देतात. एका वेळी एकच फोडायचं, बाकीची बंद, अंधाऱ्या कपाटात.

दोन, चिकोरी वेगळी घ्यायची. शुद्ध कॉफी चारशे ग्रॅम आणि चिकोरी शंभर ग्रॅम, दोन वेगळ्या बरण्या. फिल्टर भरताना चार चमचे कॉफीला एक चमचा चिकोरी. चिकोरी ओली झालीच तर तेवढीच टाकून द्यायची, कॉफी वाचते. तुम्ही तयार पाकीट घेत असाल तर प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी असा नियमच आहे, म्हणजे काही पाकिटांत चिकोरी जवळजवळ निम्मीसुद्धा असू शकते. तसल्या पावडरी कोकणात लवकर दगावतात.

सुपारीबाग

चिकोरी वेगळी ठेवायची हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाबा खूश आहेत, म्हणाले, प्रमाण आता माझ्या हातात.

मग बाबांसाठी तारेच्या क्लिपच्या काचेच्या छोट्या बरण्या घ्याव्यात असं वाटतंय. कपाट बंद असतं, उजेडाचा प्रश्न नाही. बरणी हवाबंद आहे की नाही हे दुकानात कसं ओळखायचं? आणि माप किती घ्यायचं?

सह्याद्रीतला_पाऊस

घरी आणल्यावर ओळखता येतं. कोरड्या बरणीत कागदी रुमालाचा तुकडा टाका, झाकण लावा, बादलीत पाण्याखाली आडवी धरा आणि थोडा वेळ थांबा. बुडबुड्यांची रांग लागली किंवा कागद कडेने भिजला तर बरणी परत करा. क्लिप लावताना अंगठ्याला थोडा जोर लावावा लागला पाहिजे. सहज खट्‌कन बसली तर रबर पातळ आहे.

माप: पाव किलो बियांना साधारण पाऊण लिटर जागा लागते. शंभर ग्रॅम पावडरीला तीनशे मिलीची बरणी भरपूर झाली, चिकोरीला त्याहून लहान. मोठी घेऊ नका.

घाटवाट

वरच्याला अनुमोदन. आता वापरण्याच्या बारीक गोष्टी, कारण पुष्कळदा चांगल्या डब्यातली कॉफी इथेच बिघडते.

बरणी गॅसच्या वरच्या फळीवर नको, फ्रिजच्या डोक्यावरही नको. दोन्हीकडे ऊब असते. दूध उकळत असताना भांड्यावर बरणी धरून चमचा घालू नका, वाफ सरळ आत जाते. आधी फिल्टर भरून घ्या, झाकण लावा, मग गॅस पेटवा. चमचा आतच ठेवायचा असेल तर तो कोरडा, आणि त्याच कामाचा.

मिठात टाकतात तशी तांदळाची पुरचुंडी किंवा सिलिकाची पुडी यात टाकायची गरज नाही. बरणी खरोखर बंद होत असेल तर तिचं काम उरत नाही, आणि बंद होत नसेल तर तिचा कोकणात निभाव लागत नाही.

मोहर_आणि_मीठ

बरणी संपल्यावर धुवायची की त्यातच नवीन भरायची? माझी आई म्हणायची, वास मुरू दे.

घाटवाट

धुवायचीच. काचेला कॉफीच्या तेलाचा पातळ थर धरलेला असतो, बोट फिरवलं तर समजतं. तेच तेल खवट होऊन नव्या पावडरीला वास देतं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. रबर काढून वेगळं धुवा, खाचेतही पावडर बसते. पावसाळ्यात नुसतं पुसून भागत नाही, बरणी आणि रबर पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा. हाताला रबर थोडंही थंडगार लागलं तर अजून ओलं आहे, भरू नका.

सुपारीबाग

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं ते लिहून ठेवते, पुढे कोणाला उपयोगी पडेल: बाबांच्या कॉफीला तीनशे मिलीच्या दोन काचेच्या बरण्या, धुतलेली वाळेपर्यंत दुसरी वापरात, चिकोरीला एक त्याहून छोटी. माझ्या बिया त्यांच्याच पाकिटात, पाकीट क्लिपच्या स्टीलच्या डब्यात. व्हॅक्युमचा डबा घेत नाही. मामा पुढच्या आठवड्यात दादरहून निघतोय, त्याला आत्ताच फोन करून शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं आणि सुटी चिकोरी सांगितली आहे.