मदत हवी आहे: रक्तवाहिनीच्या पेशी आणि ऑस्टिओक्लास्ट

नमस्कार मंडळी. मी नेरुळला एमएस्सी करतेय. सेमिनारला हाडं झिजवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, घेतल्यात. त्या मोनोसाइटच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) वंशातून तयार होतात, त्यासाठी एम-सीएसएफ आणि रँकएल ही दोन संदेश देणारी प्रथिनं लागतात, इथवर समजलं. पण सूज असताना टीएनएफ-अल्फा या सूज वाढवणाऱ्या प्रथिनामुळे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीही रँकएल बनवतात, आणि रँकएलला अडवणारं ओपीजी हे प्रथिनसुद्धा त्याच पेशी बनवतात! हा भाग मला फार विलक्षण वाटतो. मग पारडं कुठे झुकणार, हे कशावर ठरतं?

ठाणे-नवी मुंबईत कोणी एंडोथेलियल (म्हणजे याच अस्तराच्या) पेशी आणि मोनोसाइट एकत्र वाढवून ट्रॅप स्टेनिंग (ऑस्टिओक्लास्ट ओळखण्यासाठी रंग देणं) केलंय का? दोन्ही पेशींचा थेट स्पर्श लागतो की मधे जाळीचा पडदा चालतो, एवढं तरी सांगा. वाशी, बेलापूर, कुठेही भेटायला येईन.