झेडपीचं गणित कच्चं म्हणणाऱ्यांनी एकदा काट्यावर या

दारव्हेकर: काल इथं एकानं लिहिलं का "झेडपीत नुसती खिचडी शिजते, गणित पाहिजे असन तं पोराले कॉन्व्हेंटात टाका". रात्रभर डोक्यात तेच राह्यलं म्हणून लिहितो. दिवाळीनंतर कापूस घेऊन काट्यावर गेलो, संगं माहा पोरगा, झेडपीत सातवी, अन् लहान भावाचा पोरगा, तोही सातवीच पण कॉन्व्हेंट. वजन भरलं १३ क्विंटल ४० किलो, भाव लागला ७,१००. व्यापाऱ्याच्या माणसानं मोबाईल काढेपर्यंत माह्या पोरानं सांगतलं, पंच्याण्णव हजार एकशे चाळीस. तेरा साते एक्क्याण्णव, म्हणजे ९१ हजार, वरचे तेराशे, अन् ४० किलोचे २,८४०. दुसरा पोरगा मले विचारते, "मोठेबाबा, पंच्याण्णव म्हंजे नाईंटी फाईव्ह ना?" वर्षाले पस्तीस हजार फी भरते भाऊ माहा.

वणीवाला: कालचं मीच लिहिलं होतं अन् आजही तेच म्हणतो. एका पोराहून साऱ्या झेडपीचं सर्टिफिकेट देऊ नका. माही मोठी पोरगी चौथीलोक झेडपीतच होती. ६१८ ले ६ नं भागलं तं उत्तर १३ लिवे. मधातलं शून्य तिले कोणी शिकवलंच नाई, कारण चार वर्गाले दोन मास्तर अन् त्यातला एक कायम मतदार यादी घेऊन गावात. म्या काय लेकराचं नुकसान पाहत बसाचं होतं?

गुरुजी_आर्णी: वणीवाले भाऊ, तो यादी घेऊन फिरणारा मास्तर म्हणजे मीच समजा. आम्ही हौसेनं जात नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती अन् निवडणूक ही कामं मास्तरले सांगता येतात असं लिहिलं आहे, अन् प्राथमिकले ६० पर्यंत पट असला की शिक्षक दोनच. पहिलीले बेरीज दिली की तिसरीकडे पाठ. पण ते १३ वालं शून्य कॉन्व्हेंटची पोरंही खातात, नवोदयच्या तयारीले माझ्याकडे येतात तेव्हा पाहतो मी. सुतळीनं दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दिले, सहा शतकं वाटली, एक दशक सहा जणांत पुरत नाही म्हणून सोडून सुट्टं केलं, की मग कळते तिथं शून्य काहून येते. खरी अडचण आधीची आहे. पस्तीस ऐकलं की लेकरू आधी ५ लिहिते मग ३. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" दिलं होतं ते याचसाठी.

पाढेपाठ: आलं का ते वीस एक! आमच्या आजोबानं पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीचचे पाढे, सारं पाठ करून सावकाराची वही तपासली. एकोणऐंशी म्हणता येत नसन तं शिकवा, भाषा काहून मोडता? उद्या पोरगं बाजारात "सत्तर नऊ रुपये" म्हणन तं बाई हसन.

गुरुजी_आर्णी: मोडली कोणी? एकवीसही होतंच पुस्तकात, दोन्ही दिलं होतं. गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी तेव्हा किती शांतपणे समजावून सांगितलं, जोडाक्षरं अन् उलटा क्रम यानं लेकरू घाबरते म्हणून. विधानसभेत थट्टा झाली पण पुस्तक उघडून कोणी पाहिलं नाही, याचं मले अजून दुःख आहे.

सिरोंचा_ताई: मी बोलू का? आमच्याकडं घरात तेलुगू. इरवै ओकटी, म्हणजे वीस एकच. शाळेत मराठीत एकवीस, तिथं एक आधी. माझा लेक दुसरीत महिनाभर २१ चे १२ लिहीत होता अन् मार खात होता. घरी आला की बरोबर मोजायचा. त्याला गणित येत होतं, आकड्याचं मराठी नाव येत नव्हतं. हे पुण्याच्या लोकांना नाही कळायचं.

पाढेपाठ: पुण्याले काहून ओढता, मी पुसदचा आहो. तुमच्या सीमेवरचं वेगळं असन, त्या लेकरायसाठी द्या वीस एक. पण वऱ्हाडातल्या पोराले अडीचकी पाहिजेच. अडीच एकराले किती पोते खत लागन हे त्याले पहिले समजते.

दारव्हेकर: अडीचकीबद्दल एकदम मान्य. माह्या पोरानं तेरा साते एक्क्याण्णव म्हटलं ते पाढा पाठ होता म्हणूनच.

वणीवाला: साऱ्यायनं विषय कुठं नेला! माहा प्रश्न तसाच आहे, चार वर्गाले दोन मास्तर. तो सुटल्याशिवाय मी पोराले परत झेडपीत टाकत नाई, कोणी कितीही आकडे सांगा. हा, एक कबूल करतो. काल रात्री लहान्याले, कॉन्व्हेंटात सहावी, ६१८ भागिले ६ दिलं. त्यानंही १३ च लिहिलं. उत्तर चुकलं म्हटलं तं म्हणे मिसनं असंच शिकवलं. गुरुजी, उन्हाळ्याच्या सुट्टीत घेता का त्याले?

गुरुजी_आर्णी: पाठवा. सकाळी सातले, ऊन चढायच्या आधी. पैसे नको. सुतळी अन् पऱ्हाटीच्या काड्या घेऊन ये म्हणा, शंभराच्या वर लागतील.