मदत हवी आहे: ८८% लॅक्टिक ॲसिडचं टायट्रेशन कमी भरतंय

बाटलीवर ८८%. २.०० ग्रॅम नमुना, १ नॉर्मल कॉस्टिक सोडा, दर्शक फिनॉल्फ्थॅलिन. थेट टायट्रेशनला १७.६ मिली लागतात, म्हणजे ७९.३%. शिवाय गुलाबी रंग टिकत नाही. अर्ध्या मिनिटात फिका, थेंब टाकला की परत गुलाबी, परत फिका. संहत आम्लात रेणू एकमेकांशी एस्टर बनवून बसतात आणि अल्कलीत हळूहळू सुटतात, हे लक्षात आलंय.

म्हणून बॅक टायट्रेशन केलं: ४० मिली सोडा घालून २० मिनिटं उकळलं, गरम असतानाच उरलेला सोडा १ नॉर्मल सल्फ्युरिकनं मोजला. नमुन्यानं घेतलेला सोडा १९.० मिली, ८५.६%. ४० मिनिटं उकळल्यावर १९.३, म्हणजे ८६.९%. दोन्ही वेळा ब्लँक (नमुन्याशिवाय तीच कृती) तेवढाच वेळ उकळून वजा केलाय. सोडा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर प्रमाणित, पाणी उकळून गार केलेलं. एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफीचं यंत्र) नाही, तो पर्याय कृपया सुचवू नका.

२० मिनिटांत एस्टर पूर्ण फुटत नाही, की वाढलेले ०.३ मिली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे? ब्लँकमध्ये अल्कली जास्त उरते, त्यामुळे तो वजा करूनही फरक राहू शकतो, अशी शंका आहे. कार्बन डायऑक्साइड शोषणारी सोडा-लाइम नळी लावून रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आणत उकळणं) करायचं तर किती वेळ पुरे?