एक्सपल्स २०० ४व्ही: रोज सातारा–वाई, रविवारी चाळकेवाडी. हँडल थरथरतं, मागची ट्यूब दोनदा गेली. मदत हवी आहे

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी हीरोची मोटारसायकल एक्सपल्स २०० ४व्ही, रीडिंग २१,४००. सोमवार ते शनिवार सातारा ते वाई, हायवेने पाचवड आणि तिथून आत. जाऊन-येऊन ७० किमीच्या आसपास. रविवारी यवतेश्वर–कास–बामणोली रस्ता, नाहीतर ठोसेघरवरून चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडचे कच्चे रस्ते. कधी माण-खटावकडे मुरमाचे रस्ते.

दीड महिन्यापूर्वी मूळ मापाचेच (९०/९०-२१ आणि १२०/८०-१८) पण मोठ्या बटणांचे टायर टाकले. तेव्हापासून:

१. ७५ च्या पुढे हँडल थरथरतं. ६० ला काही नाही. हात सैल सोडले की वाढतं.
२. मागची ट्यूब महिन्यात दोनदा गेली. काटा, खिळा काही सापडलं नाही. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा होत्या. हवा पुढे-मागे १५ पीएसआय ठेवतो, व्हिडिओत तसं सांगितलं होतं.
३. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १३ दाती आहे, मागचं ४०. पुढे १२ दाती टाकावं का?
४. पावसाळ्यानंतर सीटवर बसलं की खालून कुई-कुई आवाज.

बजेट आठ हजार. स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा भाग), मागचा भारी शॉकअप आणि सायलेन्सर असं तिन्ही सुचवलं जातंय. आधी काय घेऊ?

पानाबॉक्स

आधी काहीच घेऊ नका. पहिले दोन्ही त्रास बहुतेक एकाच आकड्यातून आलेत: १५.

दोन समांतर चिरा म्हणजे चिमटा. टायरमध्ये हवा कमी असली की दगडाच्या धारेवर टायर पूर्ण दबतो, रिमच्या दोन्ही कडा खाली टेकतात आणि मध्ये सापडलेली ट्यूब दोन जागी कापली जाते. चाळकेवाडीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) जांभ्याच्या उभ्या कडा आहेत, तिथे १५ वर मागचं चाक वाचणं अवघडच. व्हिडिओतला माणूस बहुधा वाळूत चालवत असेल किंवा त्याच्या चाकात रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) असेल.

कच्च्या रस्त्यावर ट्यूबवाल्या चाकाला पुढे १८ ते २०, मागे २० ते २२ ठेवा. तुमचं वजन ८० च्या वर असेल किंवा मागे सामान असेल तर मागे २४. डांबरावर परत आलात की गाडीवरच्या स्टिकरचा आकडा. हवा थंड टायरमध्येच मोजायची. दहा-वीस किलोमीटर पळालेला टायर दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवतो. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, पेनासारखा छोटा गेज खिशात ठेवा. पायाने मारायचा पंप सीटखाली मावत नसेल तर सायकलचा हातपंप चालतो, फक्त घाम निघतो.

आता हँडल. १५ हवेवर ८० ने पळवलं तर टायरची बाजू लवत राहते, तापते, आणि बटणांचा टायर आणखीच वळवळतो. म्हणजे एक कारण इथेच आहे. बाकीची तपासायला पैसे लागत नाहीत. याच क्रमाने बघा आणि इथे लिहा:

अ) मागे टॉप बॉक्स आहे का, त्यात किती वजन असतं?
आ) टायरच्या बाजूवर रिमच्या कडेला समांतर एक बारीक उठावदार रेघ असते. चाक हळू फिरवत बघा, ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे का?
इ) इंजिनखालच्या प्लेटला आधार देऊन पुढचं चाक उचला. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. टक-टक लागलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला. हँडल सावकाश डावी-उजवीकडे न्या. सरळ येताना मध्येच खाचेत बसल्यासारखं झालं तर बॉल रेसर खराब.
ई) छोट्या पान्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारा. ताणलेला आरा ‘टण’ वाजतो, ढिला ‘थड’.
उ) फोर्कला एक प्लास्टिकची झिप-पट्टी बांधा, टोक रिमच्या जवळ आणा आणि चाक फिरवा. टोक आणि रिममधलं अंतर २ मिमीपेक्षा जास्त बदलत असेल तर आउट (रिमचा वाकडेपणा) काढावं लागेल.

स्टिअरिंग डॅम्पर हे झाकण आहे. खाली ढिला कोनसेट असताना वर डॅम्पर बसवला की थरथर दिसत नाही, बेअरिंग मात्र झिजत राहतं.

माणदेशी

माण-खटावचं नाव घेतलंत म्हणून. तिकडे वेड्या बाभळीचा काटा नवीन टायरमधूनही आरपार जातो. ट्यूबमध्ये टाकायचं सीलंट काट्याला उपयोगी आहे, चिमट्याच्या चिरेला नाही. चीर सेंटिमीटरभर लांब असते, सीलंट तिथून पचकन बाहेर येतं आणि वर पॅच चिकटत नाही तो नाहीच. वाईच्या रस्त्यासाठी ठीक, चाळकेवाडीसाठी जाड ट्यूब जास्त कामाची.

सुटी ट्यूब एकच नेणार असाल तर २१ इंची न्या. अडचणीत ती मागच्या १८ च्या चाकातही चालते, घडी पडणार नाही अशी सारखी करत बसवा आणि घरापर्यंत ५० च्या आत या. १८ ची ट्यूब पुढे चालत नाही.

ट्यूब बसवताना तीन गोष्टी. आत थोडी हवा भरूनच घाला, म्हणजे लिव्हरखाली सापडत नाही. टायरच्या आत टाल्कम पावडर मारा. आणि व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका! तो वर टोपीच्या बाजूला फिरवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर ट्यूब सोबत ओढली जाते; नट सुटा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि तुम्ही वेळेत थांबता. आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह बुडापासून फाटतो, आणि त्याला पॅच नसतो.

नवी ट्यूब घालायच्या आधी टायर आतून सुती फडक्याने पुसा. फडकं जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक. बोटाने चाचपायला जाऊ नका.

वेण्णाकाठ

तपासलं. टॉप बॉक्स आहे: डबा, रेनकोट, लॅपटॉप, कुलूप मिळून ९ किलो, बॉक्स धरून. पुढच्या टायरची रेघ एका जागी रिमच्या आत गेल्यासारखी दिसते, हातभर लांबीत. कोनसेटला टक-टक नाही, खाच नाही. पुढचे तीन आरे ‘थड’ वाजतात, तिन्ही एकाच बाजूला. रिमचं आउट दीड मिमीच्या आसपास. मागच्या व्हॉल्व्हचा नट आवळलेलाच होता.

पानाबॉक्स

मग तीन चोर सापडले.

रेघ आत गेली म्हणजे तेवढ्या भागात टायरची कड रिमवर चढलीच नाही. चाक दर फेऱ्याला तिथे ‘बसतं’. पूर्ण हवा सोडा, त्या जागी टायर आत दाबून कडेला साबणाचं पाणी लावा, मग हवा भरा. ‘फट्’ आवाज होऊन कड वर येते. ४० पर्यंत येते बहुतेक. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही. नाही आली तर परत हवा सोडून पुन्हा साबण. आली की हवा नेहमीच्या आकड्यावर आणा.

आरे: ढिल्यांना पाव फेरा, एकावेळी तेवढाच, मग चाक फिरवून झिप-पट्टीकडे बघा. सरळ ‘टण’ येईपर्यंत पिळत बसलात तर रिम त्या बाजूला ओढली जाईल. निपल (आऱ्याच्या टोकाचा नट) जाम असेल तर आधी बुडाशी तेलाचा थेंब आणि रात्रभर थांबा. पक्कड लावू नका, निपल गोल होतं, आरे-चावीच घ्या. दीड मिमी आउट चालून जाईल. दोन आठवड्यांनी परत टिचकी मारून बघा. तेच तीन पुन्हा ढिले झाले तर चाक कारागिराकडे द्या.

टॉप बॉक्स मात्र मोठा चोर आहे. ९ किलो मागच्या एक्सलच्या मागे आणि उंचावर. चाकाच्या मागे टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, हँडल सैल होतं. लॅपटॉप पाठीवर, कुलूप आणि डबा टाकीवरच्या बॅगेत. बॉक्समध्ये फक्त रेनकोट.

सडा_आणि_मुरूम

स्प्रॉकेटचं कोणी बोललं नाही म्हणून. मी १२ च्या बाजूने आहे.

हिशेब: १३/४० म्हणजे ३.०८, १२/४० म्हणजे ३.३३. साधारण ८ टक्के फरक. घाटात आणि दगडात क्लच कमी दाबावा लागतो, पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगते. मागे तीन दात वाढवले (१३/४३ = ३.३१) तरी जवळजवळ तेच मिळतं, पण तेव्हा चेन लांब लागते, खर्च जास्त. पुढचं एक स्प्रॉकेट स्वस्त आहे.

पानाबॉक्स

हिशेब बरोबर, माणूस चुकीचा. ते आठवड्यात ४२० किमी हायवे करतात आणि रविवारी फार तर ४० किमी कच्चं. आता जिथे इंजिन ६,००० ला फिरतं तिथे १२ दातावर ६,५०० ला फिरेल, रोज, पाचवडपर्यंत. आवाज, पेट्रोल, हाताला मुंग्या येणं सगळं त्यात आलं. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) प्लास्टिकच्या पट्टीला जास्त घासते.

सडा_आणि_मुरूम

मग रविवारपुरतं बदला. अर्ध्या तासाचं काम आहे.

पानाबॉक्स

दर रविवारी मागचं एक्सल ढिलं करून परत लाईनमध्ये आणणार कोण? आणि दोन स्प्रॉकेटवर आळीपाळीने चालवलेली चेन दोघांनाही नीट बसत नाही. बामणोली रस्त्याला १३ पुरतं. चेनसेट बदलायची वेळ येईल तेव्हा पूर्ण सेटसोबत ठरवा.

चेनचा ताण मात्र आत्ता बघा. लांब शॉकअपच्या गाडीत ताण स्टँडवर बघून आवळला की फसतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्यावर वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचं एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते, आणि ते होतं गाडी दबल्यावर. म्हणून ताण पुस्तिकेतल्या आकड्यावर लावा, मग दोघांना सीटवर बसवून खालच्या बाजूची चेन बोटाने हलते का बघा. अजिबात हलत नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर मार बसतोय.

माणदेशी

कुई-कुईबद्दल. पाऊस संपल्यावर गाडी वॉशिंगला प्रेशर पंपाने धुतली का? जवळून मारलेली धार ऑईल सीलच्या ओठातून आत जाते, ग्रीस निघून जातं, पाणी राहतं. एक्सल, पिव्होट, कोनसेट, चेन या चार जागी प्रेशर पंप नको. बादली आणि ब्रश.

आवाज कुठून येतो ते शोधायला बाटलीने थोडं पाणी टाका: आधी फक्त स्विंगआर्मच्या पिव्होटवर, मग शॉकअपच्या वरच्या-खालच्या बुशवर. प्रत्येक वेळी बसून बघा. ज्या जागी पाणी टाकल्यावर आवाज दबतो ती जागा कोरडी. रबरी बुशवर पातळ स्प्रे-तेल मारू नका, रबर फुगतं. उडून मागच्या डिस्कवर गेलं तर ब्रेकच गेला.

पिव्होट असेल तर: गाडी खालून आधार देऊन मागचं चाक काढा, नट सोडा, बोल्ट बाहेर काढा, बुश आणि स्लीव्ह रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवा, लिथियम ग्रीस भरा. गंजून अडकला असेल तर नट आट्यांच्या टोकापर्यंत परत फिरवून ठेवा आणि त्याच्यावर लाकडी तुकडा ठेवून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा मारला तर बोल्ट परत घालता येत नाही. आवळताना टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याने.

घाटातलं_धुकं

सायलेन्सरवर खर्च करणार असाल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत बदल करता येत नाही, आणि १८२अ मध्ये मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. बुलेटवाल्यांचे जप्त सायलेन्सर रोलरखाली जाताना सगळ्यांनी पाहिलेत.

त्या पैशात हँडगार्ड, इंजिनखालची जाड प्लेट आणि पिवळे फॉग लाइट बघा. लाइट दोन मिळून ४० वॅटच्या आत, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. वायर थेट बॅटरीवरून रिलेमार्गे, ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली घासलेली वायर जळताना त्याला कळणारच नाही. रोख खाली ठेवा. पावसाळ्यात यवतेश्वर घाटात उंच लावलेला दिवा फक्त धुक्याची भिंत दाखवतो. आणि ऊस सुरू झाला की बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात, तिथे खालचाच उजेड कामाला येतो.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, कंप्रेसरची हवाही नको, बदलाच. पवनचक्क्यांच्या रस्त्यावर उन्हाळ्यात दुसऱ्या गाडीच्या धुळीत मागे मागे चालवलं तर पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरावर भरतो.

आणि एक विनंती: कास असो की चाळकेवाडी, चाक मळलेल्या रस्त्यावरच. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, एका बटणाच्या टायरने उखडला की पुढच्या पावसात वाहून जातो.

वेण्णाकाठ

टायरची कड तिसऱ्या खेपेला बसली. आरे पाव-पाव फेरा. हवा रोजची स्टिकरप्रमाणे. बॉक्स रिकामा करून आनेवाडीपर्यंत गेलो, ८५ ला हँडल शांत. लॅपटॉप परत बॉक्समध्ये टाकून पाहिलं तर ८० ला हलकी थरथर येते.

पिव्होटवर पाणी टाकल्यावर कुई-कुई दोन मिनिटं बंद, मग परत. बोल्ट हलत नाहीये.

माणदेशी

मग पिव्होटच. गंज सुटायचं तेल दोन्ही बाजूंनी टाका आणि रात्रभर ठेवा. डिस्कवर आधी पिशवी बांधा. सकाळी बोल्ट आधी पान्याने फिरवून बघा, फिरला की ठोकायचं. नट टोकावर ठेवूनच.